गाडी टायर का खाते? व्हील अलाइनमेंट आणि गाडीची नेहमीची देखभाल : वाहनधारकांसाठी सविस्तर माहिती

बेळगाव : पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागातल्या टायरच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागते. चार महिने खड्ड्यांतून आणि घाटांतून धावलेल्या गाडीचं स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागलेलं असतं, नाहीतर पुढचा टायर एका कडेने गुळगुळीत झालेला असतो. दुकानदार म्हणतो, ‘अलाइनमेंट, बॅलन्सिंग, कॅम्बर, सगळं करून टाकू.’ गाडीमालक मान हलवतो आणि बिल भरतो. नेमकं काय बिघडलं होतं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, हे दोघांपैकी एकालाच माहीत असतं. कधी कधी त्यालाही नसतं.

सीमाभागातल्या माणसाची गाडी एका राज्यात थांबत नाही. नोकरी एकीकडे, सोयरीक दुसरीकडे आणि देवदर्शन तिसरीकडे. चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड हे घाट इथल्या लोकांच्या रोजच्या वाटा आहेत. नंबरप्लेट केएची असो, एमएचची की जीएची, ओल्या उतारावर गाडी रस्त्याला धरून ठेवतात ते चार टायर, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. म्हणून हा विषय पैशाचा आहे तसाच जिवाचाही आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी : अलाइनमेंट हे मोजमाप आहे. मोजलेले आकडे कागदावर मिळतात, आणि तो कागद मागून घेण्याचा गाडीमालकाला हक्क आहे. तो कागद वाचता आला की निम्मी फसगत टळते.

तीन कामं, तीन वेगळे उपयोग

अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि रोटेशन ही तिन्ही कामं एकाच दुकानात होतात, म्हणून बहुतेकांना ती एकच वाटतात. ती तशी नाहीत.

अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं गाडीच्या आणि एकमेकांच्या तुलनेत कोणत्या कोनात उभी आहेत ते मोजणं आणि कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत आणणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने झिजतो.

बॅलन्सिंग म्हणजे टायर आणि रिम मिळून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. यासाठी चाक मशीनवर फिरवतात आणि हलक्या बाजूला रिमवर छोटी वजनं बसवतात. बॅलन्सिंग बिघडलं की गाडी ओढत नाही, ती थरथरते. साधारण ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग हाताला कापरं भरल्यासारखं हलायला लागतं. वेग कमी केला की थांबतं.

रोटेशन म्हणजे टायरच्या जागा बदलणं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. स्टेअरिंगही तीच चाकं फिरवतात आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच येतो. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. साधारण दर १०,००० किलोमीटरला पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे टायर बाजू बदलून पुढे घेतात. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढचा मागे आणि मागचा पुढे करायचा.

थोडक्यात, गाडी ओढते तर अलाइनमेंट तपासा, थरथरते तर बॅलन्सिंग. नुसती थरथर असताना अलाइनमेंटचे पैसे देऊन उपयोग नाही.

टो, कॅम्बर, कास्टर : कागदावरचे तीन शब्द

टो : गाडीकडे वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं सरळ आहेत, आत वळली आहेत की बाहेर, हे टो सांगतो. चवडे आत वळवून चालणाऱ्या माणसाची चप्पल जशी एका बाजूने झिजते, तसंच टायरचं होतं. टायर सर्वात जास्त खातो तो बिघडलेला टोच.

किती खातो, हे साध्या हिशेबाने कळतं. समजा टायरचा व्यास ६०० मिलिमीटर आहे आणि दोन्ही चाकांचा मिळून टो ३ मिलिमीटरने चुकला आहे. म्हणजे एकूण चूक दोनशेत एक, आणि प्रत्येक चाकाच्या वाट्याला चारशेत एक. गाडी १ किलोमीटर पुढे गेली की प्रत्येक टायर अडीच मीटर आडवा घासला जातो. बेळगावहून चोर्लामार्गे पणजी शंभर किलोमीटरहून थोडी जास्त आहे. तिथे पोहोचेपर्यंत टायर अडीचशे मीटर डांबरावर आडवा फरफटलेला असतो. तीन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण टायरवर त्यांचा हिशेब उमटतोच.

कॅम्बर : गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक ताठ उभं आहे की वरून आत-बाहेर कललं आहे, ते कॅम्बर सांगतो. वरची बाजू आत कलली तर कॅम्बर ऋण (मायनस), बाहेर कलली तर धन (प्लस). ऋण कॅम्बर मर्यादेबाहेर गेला की टायरची आतली कड झिजते. ही कड उभ्याने दिसत नाही. वरून टायर चांगला दिसतो आणि आतून तारा बाहेर आलेल्या असतात. म्हणून टायर तपासताना वाकून, स्टेअरिंग पूर्ण फिरवून आतली बाजू बघायची.

कास्टर : गाडीकडे बाजूने पाहिलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस किती मागे कलला आहे, ते कास्टर सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यामागचं ते एक कारण. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येतं ते कास्टरमुळे. तो बिघडला तर टायर फारसा झिजत नाही, पण दोन्ही बाजूंचा कास्टर वेगळा असेल तर गाडी एका बाजूला जाते.

हे आकडे अंशात आणि मिनिटांत छापलेले असतात. इथली मिनिटं घड्याळाची नव्हेत. एका अंशाची साठ मिनिटं होतात. कागदावर प्रत्येक आकड्याशेजारी कंपनीची मर्यादा असते. आकडा मर्यादेत असेल तर हिरवा, बाहेर असेल तर लाल.

‘कॅम्बर करावा लागेल’ म्हटल्यावर काय विचारायचं?

बिल सगळ्यात जास्त फुगतं ते इथे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलण्याची सोय असते. टायरॉडवरचं नट सैल करून तो फिरवला की टो जागेवर येतो. कॅम्बर आणि कास्टर बदलायची सोय अशा गाड्यांत एकतर नसते किंवा अगदी थोडी असते. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असेल तर मागे काहीच बदलता येत नाही, फक्त मोजता येतं.

मग अशा गाडीचा कॅम्बर लाल का येतो? बहुतेक वेळा एखादा भाग वाकलेला किंवा झिजलेला असतो : लोअर आर्म, स्ट्रट, त्याचं वरचं माउंटिंग, बॉल जॉइंट किंवा बुश. काही ठिकाणी जोर लावून भाग वाकवून आकडा हिरवा करून देतात. कागद हिरवा होतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं आणि वाकवलेल्या भागाच्या मजबुतीची शाश्वती उरत नाही. म्हणून हे तीन प्रश्न विचारावेत :

– काम करण्याआधीचा आकडा किती होता? तो कागदावर दाखवा.

– या गाडीत कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिली आहे का? असेल तर कोणत्या बोल्टवर?

– नसेल तर कोणता भाग वाकला आहे? तो बदलायचा की वाकवायचा?

चांगला फिटर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट गाडी वर घेऊन भाग दाखवतो.

काम नीट होतंय की नाही, कसं ओळखायचं?

अलाइनमेंट करण्याआधी चारही टायरची हवा सारखी करायला हवी. हवा कमी-जास्त असेल तर गाडी एका बाजूला झुकते आणि सगळे आकडे खोटे येतात. डिकीत सिमेंटची पोती किंवा काजूची पोती असतील तर ती उतरवावीत. त्यानंतर चाक हाताने हलवून टायरॉड एन्ड, बॉल जॉइंट आणि बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते बघावं लागतं. खेळ असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगणाऱ्या टेबलावर वजनकाटा ठेवणं. दुकानातून बाहेर पडताच आकडे बदलतात.

मग गाडी सपाट रॅम्पवर घेतात, चाकांना सेन्सर किंवा रिफ्लेक्टर लावतात, गाडी थोडी मागेपुढे ढकलतात आणि संगणकात नेमकं मॉडेल निवडतात. चुकीचं मॉडेल निवडलं तर मर्यादाही चुकीची येते, म्हणून पडद्यावरचं नाव एकदा वाचावं. स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवून कास्टर मोजतात, मग स्टेअरिंग सरळ लॉक करून टो लावतात. शेवटी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही आकडे असलेला कागद छापून देतात.

नव्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि ती स्टेअरिंग किती फिरलं आहे ते सेन्सरने ओळखते. काही मॉडेलमध्ये अलाइनमेंटनंतर हा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. काम झाल्यावर डॅशबोर्डवर नवा दिवा लागलेला दिसला तर तसंच निघून येऊ नये.

कागद घेतल्यावर गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघावी. आपल्याकडचे रस्ते पाणी जाण्यासाठी मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे स्टेअरिंग सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे जाणं हा दोष नाही. चटकन ओढली तर मात्र दोष समजावा.

अलाइनमेंट करूनही गाडी ओढते, तर?

दर वेळी दोष अलाइनमेंटचाच असतो असं नाही. क्रमाने बघावं. सगळ्यात आधी हवा : ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. मग टायर : पुढच्या दोन टायरच्या जागा आपसात बदलून बघाव्यात (दिशेचा बाण नसेल तर). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. मग ब्रेक : थोडं फिरून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघावा, रिमला लगेच हात लावू नये. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. हे सगळं ठीक असेल तर मागचा अ‍ॅक्सल बघावा लागतो. अपघात झालेल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल तिरका झाला असेल तर गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते. जुनी गाडी विकत घेताना चारही चाकांचा अलाइनमेंट रिपोर्ट काढून घेतला तर रंगाखाली लपलेला अपघात बऱ्याचदा आकड्यांत सापडतो. लाखांच्या व्यवहारात ही काही शे रुपयांची तपासणी स्वस्त पडते.

टायरची झीज काय सांगते?

– दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला : हवा कायम कमी.

– मधला भाग झिजला, कडा चांगल्या : हवा कायम जास्त.

– एकच कड झिजली : कॅम्बर किंवा टो बिघडला.

– हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं : टो बिघडला.

– ठिकठिकाणी खळगे पडले : शॉकअप्सर गेले किंवा बॅलन्सिंग बिघडलं.

– बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला : आतल्या दोऱ्या तुटल्या. हा टायर ताबडतोब बदलावा. घाटात नेऊ नये.

टायरच्या खाचांच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. झीज या उंचवट्यांपर्यंत आली की कारचा टायर कायद्यानेही बाद ठरतो. पण तिथपर्यंत वाट बघू नये. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं आहे. खाच उथळ झाली की वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग, ब्रेक दोन्ही हातचे जातात. या भागातला पाऊस बघता ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पावसाळ्याआधीच बदललेला बरा. गोटा झालेला टायर उन्हाळ्यात निभावतो, जुलैत नाही.

टायरचं वयही असतं. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नवा टायर घेताना हे आकडे बघूनच घ्यावा. गाडी कमी फिरते म्हणून टायर तसाच राहत नाही. रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा. दोनच नवे टायर घेतले तर ते बहुतेक वेळा मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर साध्या ड्रायव्हरला गाडी सावरता येत नाही.

हवा : सगळ्यात स्वस्त देखभाल

हवेचा योग्य आकडा टायरवर लिहिलेला नसतो. टायरवर असतो तो जास्तीत जास्त सहन होणारा दाब. गाडीसाठीचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांसाठी तो ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो. गाडी भरलेली असेल तर मागच्या टायरसाठी वेगळा आकडा दिलेला असतो.

हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी तपासावी. फिरल्यावर टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो. तापल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढू नये. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी तपासणी पुरेशी आहे. स्टेपनीचीही हवा बघावी. घाटात पंक्चर झाल्यावर स्टेपनीतच हवा नाही, हा प्रसंग नवा नाही. काही गाड्यांची स्टेपनी मुख्य टायरपेक्षा लहान असते. त्यावर ८० च्या वर वेग नेऊ नये.

नायट्रोजन भरलाच पाहिजे असं नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित हवा तपासणाऱ्याला साधी हवा पुरते.

हिशेब : अलाइनमेंट परवडतं का?

धरून चालू की एक टायर ५,००० रुपयांचा आहे आणि नीट वापरला तर ४०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला साडेबारा पैसे. अलाइनमेंट बिघडल्यामुळे तोच टायर २५,००० किलोमीटरला बाद झाला तर खर्च २० पैशांवर जातो. पुढच्या दोन टायरचा मिळून किलोमीटरमागे १५ पैशांचा तोटा. २५,००० किलोमीटरमध्ये हा तोटा ३,७५० रुपये होतो. तेवढ्या अंतरात दोनदा किंवा तीनदा अलाइनमेंट करावं लागलं आणि दर वेळी ५०० रुपये लागले, तरी दीड हजारात काम होतं. भाव गावोगावी वेगळे असतील, गणित मात्र हेच राहतं. घासत चालणाऱ्या गाडीला इंधन जास्त लागतं, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

मात्र दर महिन्याला अलाइनमेंट करणंही वायफळ आहे. दर १०,००० किलोमीटरला, नवे टायर बसवल्यावर, सस्पेन्शन किंवा स्टेअरिंगचं काम केल्यावर आणि मोठ्या खड्ड्यात जोरात आदळल्यावर तपासून घ्यावं, एवढं पुरे.

टायरपलीकडे : घाटाच्या गाडीला काय सांभाळायचं?

ब्रेक ऑइल : हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा वाढला की लवकर उकळतं. डॉट ३ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलं की ब्रेक प्रचंड तापतात, जुनं तेल उकळतं, नळ्यांत वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं. चालती गाडी हे तेल दाखवत नाही आणि सर्व्हिसिंगच्या यादीत ते बऱ्याचदा राहून जातं.

उतारावर ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावं. न्यूट्रल करून उतरल्याने पेट्रोल वाचतं ही समजूत चुकीची आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागत राहतं. म्हणजे ब्रेकही जातो आणि पेट्रोलही.

ब्रेक पॅड : दाबल्यावर किंचाळल्यासारखा बारीक आवाज आला तर पॅड संपत आल्याची खूण. लोखंड घासल्याचा आवाज आला तर उशीर झालेला आहे, आता डिस्कही जाणार.

इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर कांडी पुसून पुन्हा बुडवून बघावी. पातळी दोन खुणांच्या मधे असावी. खुणेपेक्षा जास्त भरणंही चांगलं नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलतात. गाडी फिरली नाही तरी वर्ष मोजायचंच.

कूलंट : पातळी टाकीवरच्या खुणेवरून बघावी. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर उडतं. ओढ्या-विहिरीचं पाणी अडचणीच्या वेळी चालेल, नेहमीसाठी नाही. त्यातल्या क्षारांनी आत थर बसतो.

एअर फिल्टर : कच्च्या रस्त्याने, उसाच्या आणि खडीच्या ट्रॅक्टरमागून रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच भरतो. काढून झटकून बघावा, काळा पडला असेल तर बदलावा.

बॅटरी : रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना आवाज जड झाला, हेडलाइट मंदावला तर लांबच्या प्रवासाआधी तपासून घ्यावी.

वायपर : उन्हाने रबर कडक होतं. पहिल्या पावसाची वाट न बघता मे महिन्यातच पाणी मारून बघावं.

उंदीर : पावसाळ्यात शेताकडेला उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून बघावं.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

– पंधरा दिवसांनी : हवा (स्टेपनीसह), इंजिन ऑइल, कूलंट, वायपरचं पाणी, सगळे दिवे.

– दर १०,००० किलोमीटरला : अलाइनमेंट तपासणी, बॅलन्सिंग, टायर रोटेशन, ब्रेक पॅडची जाडी, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर.

– पावसाळ्याआधी : टायरच्या खाचा, वायपर, ब्रेक, दरवाजांचे रबर.

– पावसाळ्यानंतर : अलाइनमेंट, सस्पेन्शनचे बुश, गाडीचा तळ धुऊन गंज बघणं.

– दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल.

यात कंपनीच्या पुस्तकातली मुदत वेगळी असेल तर पुस्तकातलीच पाळावी.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*अलाइनमेंट करायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं का?*
नाही. मशीन चांगलं आणि तपासलेलं असेल, माणूस जाणता असेल तर बाहेर केलं तरी चालतं. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर अटी वाचाव्यात आणि पक्कं बिल घ्यावं.

*गोव्यात केलेल्या कामाचा कागद बेळगावात उपयोगी पडतो का?*
नक्कीच. मॉडेल तेच असेल तर मर्यादा देशभर त्याच असतात. जुना कागद सोबत असला तर पुढचा फिटर आकडे किती सरकले ते लगेच बघतो. गाडीच्या कागदपत्रांसोबत तो जपून ठेवावा.

*एका राज्यातलं पीयूसी दुसऱ्या राज्यात चालतं का?*
हो, मुदतीत असेल तर देशभर चालतं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना त्याची मुदत एक वर्ष असते.

*इलेक्ट्रिक गाडीला अलाइनमेंट लागतं का?*
लागतं. बॅटरीमुळे तिचं वजन जास्त असतं आणि उचलही जोरदार असते, त्यामुळे टायरकडे उलट जास्तच लक्ष द्यावं लागतं.

*घरच्या घरी चाक बदलताना काय सांभाळावं?*
गाडी सपाट, घट्ट जमिनीवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकाला दगड लावावा. नट सैल करायचे ते चाक उचलण्याआधी. जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. नट आवळताना एकाच्या शेजारचा नको, समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सारखं बसतं. पन्नास-शंभर किलोमीटर फिरल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

*सगळं करायला वेळ नसेल तर किमान काय?*
महिन्यातून दोनदा सकाळी दहा मिनिटं : हवा मोजा, वाकून चारही टायरची आतली कड बघा, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. घाटात जीव याच तीन गोष्टींवर असतो.